परकायाप्रवेशाची प्रेमकथा मराठीत आणायची तर

"मावशी, मोबाइलवर एक चिनी गोष्ट वाचली. पोरगी झोपते आणि दुसऱ्याच बाईच्या अंगात जागी होते. नवरा धड बोलतसुद्धा नाही, मग हळूहळू त्याचं मन वळतं. मला ही मराठीत करायचीय. कुठनं सुरू करू?"

गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरातल्या पाच-सहा पोरापोरींनी मला थोड्याफार फरकाने हेच विचारलं. कॉलेजातली आहेत, एक औषधाच्या दुकानात काम करते, एक बँकेत आहे. सगळ्यांना गोष्टीचं वेड आहे आणि आईला, मावशीला ती आपल्या भाषेत वाचायला द्यायचीय. हे वेड मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापुरात राहून लिहिलेले वि. स. खांडेकर तमिळ घराघरांत गेले ते का. श्री. श्री. नावाच्या अनुवादकाने त्यांना तमिळमध्ये आणलं म्हणून. तशी वाट उलट दिशेनेही चालता येते.

मी स्वतः इंग्रजीवरून अनुवाद करते. मूळ चिनी पान शेजारी उघडं ठेवते आणि अडलं की एकेक अक्षर कोशात बघते. माझ्यासारखंच कुणाला सुरू करायचं असेल तर या क्रमाने जावं.

आधी नायिका कुठून कुठे गेली ते नक्की करा

चिनी वाचक यात तीन प्रकार सरळ वेगळे मानतात. 'छ्वानयुए' म्हणजे एका काळातून किंवा जगातून दुसऱ्यात जाणं. 'छ्वानशू' म्हणजे आपण वाचत होतो त्याच पुस्तकात जाऊन पडणं, म्हणजे पुढे काय होणार ते नायिकेला ठाऊक असतं. आणि 'छुंगशंग' म्हणजे मेल्यावर स्वतःच्याच आयुष्यात काही वर्षं मागे जागं होणं. जपानी 'इसेकाई', म्हणजे 'दुसरं जग', हे याच घराण्यातलं. इंग्रजी अनुवादात हे सगळं बऱ्याचदा एकाच शब्दाखाली येतं, आणि आपल्याकडची मुलं सरसकट 'पुनर्जन्म' लिहून मोकळी होतात. पुनर्जन्मात माणूस बाळ होऊन येतो. इथे ती बावीस वर्षांची उठते, दुसऱ्याच्या अंथरुणात, दुसऱ्याच्या नावाने.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, परकायाप्रवेश. श्रावणात ज्यांच्या घरी नवनाथ भक्तिसाराचं पारायण होतं त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात, रेवती राणीबरोबर बारा वर्षं राहतात, आणि इकडे गोरक्षनाथ गुरूंचा देह सांभाळत बसतात. फरक एवढाच की नाथ विद्येने आणि स्वतःच्या इच्छेने गेले, आणि चिनी गोष्टीतली पोरगी न विचारता ढकलली गेली. म्हणून निवेदनात 'परकायाप्रवेश' चालेल, पण तिच्या तोंडी तो जड होतो. ती म्हणेल, "मी हिच्या देहात कशी आले?"

देहात म्हणायचं, अंगात नाही. वरच्या प्रश्नात त्या मुलीने सहज 'अंगात' म्हटलं, आणि बोलताना चाललंही. कागदावर मात्र कोल्हापूरच्या वाचकाला 'अंगात आली' म्हटलं की केस सोडून घुमणारी बाई दिसते, हळद-कुंकू दिसतं, समोर नारळ घेऊन उभी माणसं दिसतात. तुमची नायिका बिचारी आरशात बघून घाबरलेली असते. एका शब्दाने गोष्ट चुकीच्या देवळात जाऊन बसते.

परवानगी

हे काम अनुवादाच्या आधीचं. भारतातला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि अनुवाद करण्याचा हक्क त्यात मूळ हक्कधारकाचा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हा हक्क टिकतो. लेखकांचे हक्क देशोदेशी जपणाऱ्या बर्न करारात भारत आणि चीन दोघेही आहेत, त्यामुळे 'चिनी गोष्ट आहे, इथं कोण विचारतंय' हे म्हणणं खरं नाही. इंग्रजी अनुवादावरून करत असाल तर त्या अनुवादकाचाही त्याच्या मजकुरावर हक्क असतो. म्हणजे पत्रं दोन.

पत्र छोटं लिहा. गोष्टीचं नाव, मराठीत करायची आहे, किती शब्दांची, कुठे छापणार किंवा टाकणार, पैसे मिळणार की नाही, एवढं पुरे. होकार लेखी घ्या आणि जपून ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. चाळीस पानं हाताने लिहून काढली, एका संपादकांना नेऊन दिली, त्यांनी आवडली म्हणून सांगितलं आणि पुढचाच प्रश्न परवानगीच्या पत्राचा विचारला. पत्र नव्हतं. ती पानं अजून ट्रंकेत आहेत, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

उत्तर येईपर्यंत हात रिकामा ठेवू नका. सरावासाठी हक्क संपलेली गोष्ट घ्या. मी सगळ्यांना एकच सुचवते, फू सुंगलिंगची 'लियेनश्यांग'. हा लेखक १६४० ते १७१५ या काळातला. भुताखेतांच्या आणि बाईचं रूप घेणाऱ्या कोल्हिणींच्या जवळपास पाचशे गोष्टी त्याने लिहिल्या. हर्बर्ट जाइल्सने त्यातल्या १६४ गोष्टी १८८० मध्ये इंग्रजीत आणल्या, त्यात ही आहे. जाइल्स १९३५ मध्ये वारला, त्यामुळे त्याचाही हक्क संपलाय. त्याने शृंगाराच्या जागी कात्री लावलीय, एवढं मात्र लक्षात ठेवा.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आजच्या सगळ्या परकायाप्रवेशी प्रेमकथांची आजी म्हणावी अशी ती आहे. सांग नावाचा एक विद्यार्थी एकटा राहतो. त्याच्याकडे दोघी येतात, लियेनश्यांग ही कोल्हीण आणि ली ही मेलेली मुलगी. दोघींनाही तो हवा असतो. भुताच्या संगतीने तो खंगतो, कोल्हीण त्याला औषध देऊन उठवते, आणि ली शरमेने निघून जाते. भटकत ती चांग घराण्यातल्या नुकत्याच मेलेल्या मुलीच्या देहात शिरते. मुलगी उठून बसते आणि सांगते की मी तुमची नव्हे, मी ली.

घरच्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो, तिचा स्वतःचाही. लीने सांगला पूर्वी आपला भरतकामाचा एक जोडा दिलेला असतो. तो मागवून ती पायात घालून बघते, तर पायाला इंचभर लहान! मग ती आरसा घेते, आणि तेव्हा कुठे तिला उमगतं की आपण परक्या देहात जगतो आहोत. ती रडते. भूत होते तेव्हा रूप तरी होतं, आता माणूस होऊन त्याहून वाईट झाले, असं तिचं दुःख.

चपलेच्या गावात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग दोनदा वाचावा लागत नाही. नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस पायाला कशी चावते, आणि दुसऱ्याची चप्पल चुकून पायात गेली तर पाऊल टाकल्या क्षणी कसं कळतं, हे आपल्याला अंगवळणी आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने 'आत्मा', 'देह' असले मोठे शब्द बाजूला ठेवले आणि जोडा पुढे केला. तुमच्या गोष्टीत अशी वस्तू शोधा. कंकण असेल, हस्ताक्षर असेल, डावा हात असेल. ती वस्तू जिथे येते तिथलं प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा घासा, बाकीचं थोडं कमीजास्त झालं तरी चालेल.

नात्यांची वही

गोष्ट पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि कोण कुणाला काय म्हणतं ते पानवार लिहा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते निम्मा अनुवाद इथेच होतो.

आधी नाती. चिनीत 'ब्याओ-ग' म्हणून नायकाला हाक मारलेली दिसेल, इंग्रजीत त्याचं 'कझिन' होतं. हा शब्द काकाची मुलं सोडून बाकी सगळ्यांना चालतो, आते, मामे, मावस. आता आपल्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क सांगायची रीत आहे, त्यामुळे आतेभावाशी लग्न ठरलंय म्हटलं तर आपला वाचक मान डोलावून पुढे जातो. पण मावसभाऊ म्हणजे भाऊ. तिथे प्रेमकथा जागच्या जागी थिजते. म्हणून वंशावळ काढून बघा, तो नेमका कुणाचा मुलगा आहे. गोष्टीत खरंच मावशीचा मुलगा असेल तर खोटं नातं लिहू नका, 'त्यांच्याकडे अशी लग्नं होत' एवढं निवेदनात एका ओळीत आधीच येऊ द्या. आणि प्रियकराला लाडाने 'ग-ग' म्हणजे 'दादा' म्हणणारी नायिका आली तर तिथे 'दादा' कधीही लिहू नका. नाव घ्या, किंवा नुसतं "अहो".

मग तू आणि तुम्ही. नको-नको म्हणत जुळणाऱ्या प्रेमाची सगळी कथा मराठीत या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभी असते. चिनीतही आदराचा वेगळा 'तुम्ही' आहे, पण या गोष्टींत जवळीक बऱ्याचदा नावावरून कळते. नवरा सुरुवातीला तिला नुसतं 'फूरन' म्हणतो, म्हणजे बाईसाहेब. मग कधीतरी आडनावासकट पूर्ण नाव घेतो, बहुतेक रागात. आणि एके दिवशी फक्त तिचं नाव. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी बऱ्याचदा 'यू' असतं आणि वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. तुम्ही मात्र मूळ पानावर बघा, पहिल्यांदा नुसतं नाव कुठे आलं, आणि 'तू' तिथे ठेवा. त्याच्याआधी एकही नको. संपूर्ण गोष्टीत तो एक 'तू' वाचकाला ऐकू आला पाहिजे.

राजघराण्याची गोष्ट असेल तर सम्राट स्वतःसाठी एक वेगळाच 'मी' वापरतो, जो इतर कुणी उच्चारायचा नसतो. मराठीत त्याला 'आम्ही' आहे. छत्रपतींच्या गावात हे शिकवायची गरज नाही. फक्त तो सम्राट एकांतात, तिच्यासमोर, कधी साधा 'मी' म्हणून गेला का, ते वहीत लिहून ठेवा.

मी उठले की मी उठलो

मराठी अनुवादकाची खरी परीक्षा इथे आहे. चिनी 'वो' आणि इंग्रजी 'आय' यांना लिंग नाही. मराठीत 'मी' म्हटल्यावर पुढच्या क्रियापदाला ते सांगावंच लागतं. पुरुषाचा जीव बाईच्या देहात गेला असेल तर ती 'उठलो' म्हणेल की 'उठले'?

माझा नियम असा: मनातल्या बोलण्यात जिवाचं लिंग, तोंडावरच्या बोलण्यात देहाचं. मनात "अरे देवा, कुठं येऊन पडलो", आणि सासूसमोर "आत्ताच उठले". मग गोष्टीत जिथे त्याला हा देह आपला वाटायला लागतो, तिथे मनातलं क्रियापद एकदाच आणि कायमचं बदलायचं. मूळ लेखकाला हे साधन उपलब्धच नव्हतं. मराठीला आहे, मग ते वापरा.

कोल्हापूरकरांनी यात आणखी एक काळजी घ्यायची. मी शिवाजी पेठेत वाढले. आमच्या घरात बाया सर्रास "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात आणि ती आमची सगळ्यात गोड बोली आहे. पण एका मुलीने अख्ख्या गोष्टीत नायिकेचं निवेदन असंच लिहिलं होतं, न कळत. पेठेबाहेरच्या वाचकाला वाटलं असतं की आत पुरुषाचा जीव आहे आणि शेवटी काहीतरी उलगडा होणार. दासी किंवा आचारीण अशी बोलली तर मात्र मला फार आवडेल. प्रमाणभाषा मालकिणीला आणि पेठेची बोली दासीला, हा भेद ज्यांना खटकतो त्यांनी उलटं करून बघावं, तेही शोभेल.

नको म्हणणं कसं लिहायचं

एक प्रसंग मी सरावासाठी रचून देते. सेनापती नवरा, घरात नकोशी असलेली बायको, बाहेर पाऊस. ती निघालीय. तो छत्री पुढे करतो.

नवशिक्याचा पहिला खर्डा असा येतो: "मी तुमच्याबद्दल काळजी करत नाही आहे. फक्त बाहेर पाऊस पडत आहे." शब्द सगळे मराठी, पण माणूस मराठी नाही. आपल्याकडचा अडमुठा नवरा काय म्हणेल?

"काळजी-बिळजी काही नाही. पाऊस आहे बाहेर, म्हणून म्हटलं."

'म्हणून म्हटलं' या दोन शब्दांत सगळं येतं. मराठीत कबूल न करता कबूल करायचे असे किती तरी लहान शब्द आहेत: 'आपलं सहज', 'असू दे', 'राहिलंच तर', 'मला काय त्याचं'. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचं बोलणं ऐका. माझे आजोबा आयुष्यात आजीला 'बरं वाटतंय का' म्हणाले नाहीत. "चहा गार होतोय" म्हणायचे. लग्न आधी आणि प्रेम मागाहून हा चिनी वाचकांचा लाडका साचा आहे, आणि तो मराठी घरात इतका ओळखीचा आहे की वाक्य बरोबर उतरलं तर टीपेची गरज पडत नाही.

मत्सराचा एक शब्द बघा. चिनीत प्रेमातल्या जळण्याला 'व्हिनेगर खाणं' म्हणतात. तसंच ठेवलं तर वाचकाला अपचनाची शंका येईल. आपल्याकडे मिरच्या झोंबतात. "मी त्याच्याशी बोलले तर तुम्हाला का मिरच्या झोंबल्या?" झालं काम.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. नाखुशीचं प्रेम वेगळं आणि जबरदस्ती वेगळी. काही गोष्टींत नायक हात पिरगाळतो, दार लावून घेतो, आणि लेखक त्याला प्रेम म्हणतो. असा प्रसंग गुपचूप मऊ करून उतरवू नका, तो मूळ लेखकाशी आणि वाचकाशी दोघांशीही खोटेपणा आहे. ती गोष्ट सोडा आणि दुसरी घ्या. जिथे 'नको' म्हणणाऱ्याला खरंच निघून जायची मुभा आहे आणि तरी पाय निघत नाही, तीच गोष्ट मराठीत आणण्याजोगी.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी

नावं रोमन स्पेलिंगवरून वाचू नका. 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श, 'सी' म्हणजे त्स. त्यामुळे छिन, श्ये, त्साय. आडनाव आधी येतं, ते तसंच ठेवा.

जुन्या चिनी दिवसाचे बारा भाग असत, एकेक दोन तासांचा. त्याला 'प्रहर' लिहिलंत तर तास वाढतो, कारण आपला प्रहर तीन तासांचा. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे तो भाग बरोबर पाच घटकांचा होतो. 'एक उदबत्ती जळेपर्यंत' हे त्यांचं माप तसंच ठेवा, ते आपलंच वाटतं.

खाण्याचं कोल्हापुरीकरण करू नका. सारण भरून वाफवलेल्या गोळ्यांना मोदक म्हटलं की गणपती येऊन बसतो. 'सारण भरलेले वाफाळते गोळे' पुरे. काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवलेली आंबट फळं दिसली तर तेवढंच लिहा. छ्वानशूमध्ये नायकनायिकेसाठी मरणाऱ्या दुय्यम पात्राला चिनीत 'तोफेची राख' म्हणतात. 'बळीचा बकरा' चपखल बसतो.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मला तर हा शब्दकोश पुस्तक उघडून बघायलाच आवडतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. एखादी दुपार काढून तिथे जुनी मराठी कथा वाचत बसा, विशेषतः संवाद. मोबाइलचं यांत्रिक भाषांतर पहिला अंदाज घ्यायला हरकत नाही, पण चिनीत कर्ता गाळायची सवय फार, त्यामुळे यंत्र पानापानाला माणसांची अदलाबदल करतं. परकायाप्रवेशाच्या गोष्टीत हा घोळ शोधून काढणं महाकठीण जातं.

शेवटचा हात

खर्डा झाला की आठ दिवस बाजूला ठेवा. मग मूळ पान बंद करून नुसतं मराठी मोठ्याने वाचा. "तिने तिचे डोळे उघडले आणि स्वतःला एका अनोळखी बिछान्यावर सापडले" हे वाचताना जीभ अडखळते, आणि "डोळे उघडले तर बिछाना अनोळखी" वाचताना अडखळत नाही. जीभ जिथे थांबते तिथे खूण करा.

नंतर असल्या गोष्टी कधीही न वाचलेल्या माणसाला ऐकवा. मी माझ्या आईला 'लियेनश्यांग' ऐकवली, संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून. परकायाप्रवेशावर तिने एक शब्द विचारला नाही, तो तिला नवा नव्हता. जोड्याचा प्रसंग आला तेव्हा मात्र तिने थांबवलं आणि विचारलं, "मग त्या चांगच्या आईनं काय करायचं? पोरगी तर समोर बसलीय." मी घरी येऊन चांगच्या आईची तीन वाक्यं पुन्हा लिहिली. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याआधीच सुरू होते, त्यामुळे पाठवायची असेल तर परवानगीचं पत्र सोबत जोडून मे महिन्यापर्यंत पाठवा.